पान ४३ वरचं मीठ

काल रात्री अकराला भाचीचा फोन आला. खानापुरात धो धो पाऊस, लाईट गेलेली आणि ही पोर मोबाईलच्या उजेडात आमच्या आवडत्या इंग्रजी जादूकथेचा दुसरा भाग वाचत बसलेली. आवाज रडवेला. "मावशी, पान ४३ काढ. हिला मीठ म्हणाय कसं काय येतंय?"

मी माझी प्रत काढली. वाचलं, परत वाचलं. तेव्हापासून डोकं जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही.

पहिला भाग ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं. नायिका नावाड्याची पोर, पंधरा वर्षांची. जादूचा नियम एकच. मंत्र चालतो तो फक्त आईच्या तोंडून शिकलेल्या भाषेत, आणि प्रत्येक मंत्रामागे त्या भाषेतला एक शब्द तिच्यातून कायमचा जातो. बुडणाऱ्या भावाला ती वाचवते आणि 'मीठ' जातं. तिथून पुढे तिच्या बोलण्यात त्या शब्दाच्या ठिकाणी कोरी जागाच छापलेली आहे. एकदा ती बाजारात जाते, दुकानदारापुढे उभी राहते आणि म्हणते, ते पांढरं द्या, समुद्रातलं, जिभेला चुरचुरतं ते. दुकानदार हसतो. ते पान मी बेळगाव-खानापूर बसमध्ये वाचलं आणि उतरेपर्यंत तोंड खिडकीकडे करून बसले.

आम्हाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. भाची घरी मराठी बोलते, शाळेत इंग्रजी आणि कन्नड. बसची पाटी कन्नड, सरकारी अर्ज कन्नड. कन्नडशी माझं भांडण नाही, शेजारच्या अक्कांशी मी कन्नडच बोलते. पण आपल्या बोलीतला एकेक शब्द घरातल्या घरात कसा गळत जातो, ते मी डोळ्यांनी बघते. पहिला भाग संपवल्यावर या पोरीने वही काढली आणि आजीच्या मागे लागली. इरलं, रोवळी, कणगी, शिंकं. इरलं म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. आजीचं माहेर कणकुंबीचं, जिथून मलप्रभा निघते. तिथल्या पावसात आजीचं अख्खं लहानपण इरल्याखाली गेलं, आणि नातीला तो शब्द एका इंग्रजी पुस्तकामुळे मिळाला. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिने नायिकेचे गेलेले शब्दही पेन्सिलीने लिहून काढले. अकरा भरले. खाली जागा सोडली, दुसऱ्या भागासाठी.

त्या दुसऱ्या भागासाठी आम्ही दीड वर्ष थांबलो. सहाशे नव्व्याण्णवची एक, अशा दोन प्रती आधीच पैसे भरून मागवल्या.

आणि त्यात काय आहे? एक अंगठी. राजपुत्र तिच्या बोटात अंगठी घालतो आणि तिला सगळ्या भाषा यायला लागतात. झालं! पहिल्या पुस्तकाचा अख्खा जीव ज्या गोष्टीत होता, ती एका परिच्छेदात संपवली. पुढे पुस्तकभर ती मंत्रांवर मंत्र टाकत सुटते. मी मोजले, अडतीस. गेलेले शब्द किती? एकही नाही. का गेले नाहीत, याचं स्पष्टीकरण नाही, एक ओळसुद्धा नाही. आणि पान ४३ वर मेजवानीला बसून ही बया शेजाऱ्याला सरळ म्हणते, मीठ द्या.

अरे, पहिला गेलेला शब्द होता तो! लिहिणारीने विसरावा? तपासणाऱ्याने विसरावा? पुस्तकाच्या कडा रंगवायला वेळ मिळाला, सोनेरी अक्षरं छापायला मिळाला, आत घडीचा नकाशा चिकटवायला मिळाला. आधीचा भाग एकदा वाचून काढायला कुणाला वेळ मिळाला नाही? पाट्या टाकल्यात नुसत्या.

मधली शंभर-सव्वाशे पानं नाच, झगे आणि हा की तो यातच जातात. त्याबद्दल मला बोलायचंही नाही.

पण शेवट! शेवटी दोन्ही राजे तह करतात, नदीवरची चौकी पाडतात, सगळे मिठ्या मारतात. अर्ध्या पानात. इथे १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, १९६७ ला सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. माझे आजोबा वाट बघत गेले. सीमेवर राहणाऱ्याला अर्ध्या पानाचा तह दाखवू नका. जादूने मिटवा हवं तर, माझी हरकत नाही, पण मग त्या जादूची किंमत कुणीतरी मोजलेली दाखवा. तुम्हीच घातलेला नियम आहे तो.

सकाळी ऑफिसात एकाला सांगितलं तर म्हणाला, पोरांचं पुस्तक आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. हे ऐकून तर तळपायाची आग मस्तकात गेली. पोरांचं आहे म्हणून तर! मोठी माणसं पानं उलटून पुढे जातात. तेरा वर्षांची पोर एकेक शब्द लक्षात ठेवते, यादी करते, त्या यादीवर विश्वास ठेवून आजीच्या पायाशी वही घेऊन बसते. तिला रात्री अकरा वाजता कळतं की हे सगळं फक्त तीच जपत होती. लिहिणारीने कधीच सोडून दिलं होतं. मी फोनवर काय सांगणार होते तिला? छापताना चूक झाली असेल म्हणाले. मलाच ते पटलं नाही.

दुपारी तिने फोटो पाठवला. पान ४३. 'मीठ' या शब्दावर तिने व्हाइटनर लावलाय, कडेने जपून, आजूबाजूच्या अक्षरांना धक्का न लावता. आता यादी शेजारी ठेवून उरलेले दहा शब्द शोधत बसली आहे. पान ८७ पर्यंत आली.