जुने पोस्टकार्ड उलटूनही पाहावे

जुन्या गोव्याची छायाचित्रे फेसबुकवर फिरू लागली की खाली ठरलेल्या प्रतिक्रिया येतात: किती शांत, किती नीटनेटके होते सगळे! यांतली बरीचशी छायाचित्रे म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची पोस्टकार्डे. पणजीच्या 'सौझा अँड पॉल' या स्टुडिओची त्यांत पुष्कळ. मांडवीचा काठ, चर्च, सरकारी इमारती. विकायला काढलेल्या चित्रात विकले जाईल तेच येणार, त्यात छायाचित्रकाराचे काही चुकले नाही. चुकते ते तेवढ्यावरून एका अख्ख्या काळाचा निवाडा करणाऱ्यांचे. कार्ड उलटून पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

गोव्याच्या पोर्तुगीज तिकिटावर रुपया, तांगा किंवा रैश असतील तर ते १९५९ पूर्वीचे, आणि एस्कुदो-सेंताव्हू असतील तर पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या तीन वर्षांतले. पण खरी गंमत मजकुरात असते. पेडण्यातल्या आमच्या घरी मुंबईहून आलेल्या कार्डांचा एक गठ्ठा आहे. वर 'श्री', मग सा. न. वि. वि., मग खुशाली, मनिऑर्डर पोचली की नाही याची चौकशी, आणि जागा संपली म्हणून समासात आडवे लिहिलेले: काजू कसे लागले, चवथीला येणे जमेल का. या गठ्ठ्यात मृत्यूची बातमी मात्र एकही नाही. अशा बातम्या येत नसत असे नव्हे. मृत्यू कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि असे कार्ड वाचून झाले की ते घरात ठेवायचे नाही, ही रीत होती. त्यामुळे अशा पत्रांवरून इतिहास लिहू पाहणाऱ्याला लग्ने, बारशी आणि पैसे मिळतील, मरणे मिळणार नाहीत. ही रिकामी जागा का आहे, हे घरातल्या जाणत्या माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही.

सरकारी दप्तराचे बळ निराळे. १५९५ मध्ये दियोगु दु कोतु या पोर्तुगीज इतिहासकाराकडे सोपवलेल्या गोव्याच्या सरकारी दफ्तरखान्यात गोवा आणि लिस्बन यांच्यातला शतकांचा पत्रव्यवहार आहे. जहाजे मोसमी वाऱ्यांवर चालत, म्हणून त्या मालिकेचे नावच 'मोन्सोंइश दु रैनु'. इथून गेलेल्या पत्राला उत्तर यायला दीड वर्षाहून अधिक काळ लागे, तेव्हा इथल्या अधिकाऱ्याने आधी निर्णय घेऊन मग परवानगी मागितलेली दिसली तर नवल वाटू नये. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच कागदांतून मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास उभा केला. तरीही तिथे बोलतो तो प्रामुख्याने राज्यकर्ता.

वृत्तपत्रे वाचणे त्याहून अवघड. गोव्यातले पहिले वृत्तपत्र, २२ डिसेंबर १८२१ रोजी निघालेले 'गाझेता द गोवा', सरकारीच होते, आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात सेन्सॉरच्या हाताखालून गेल्याशिवाय मजकूर छापता येत नसे. मुक्तीनंतरचे चित्र पाहायचे तर १९६६ च्या अखेरीचे 'गोमन्तक' आणि 'राष्ट्रमत' शेजारी ठेवून वाचावेत. एक गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूचा, दुसरा कट्टर विरोधी, आणि दोन्ही मराठीत. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाच्या विरोधात गेला. त्या निकालावर आजही इथे हमरीतुमरीवर येणारे अनेकजण मराठी म्हणजे विलीनीकरण असे धरून चालतात. विरोधाची एक मोठी फळी मराठीतूनच लढली, हे त्यांनी एकदा त्या अंकांतून वाचावे. (अग्रलेख वाचताना जाहिरातीही सोडू नयेत.)

म्हणून जुने कागद फेसबुकवर टाकणाऱ्यांना विनंती आहे. कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, अंकाचे कात्रण नव्हे तर अख्खे पान द्या, तारखेसकट. घरात मोडीतले कागद असतील तर वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका. आणि तिकिटे जमवण्यासाठी कार्डे पाण्यात भिजवू नका: शाई फुटते, आणि शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कार्डावर असल्याने तारखेचाही पुरावा जातो.