अभिनंदन, तुम्ही शंभर मीटरच्या आत आहात

सगळ्यात आधी मनापासून अभिनंदन! तुमच्या आळीच्या टोकाला ती गंजलेली निळी पाटी आहे ना, जिच्यावर स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं असल्याचं आणि त्याला धक्का लावलात तर काय शिक्षा होईल ते लिहिलंय, आणि जिच्या बरोब्बर मधोमध कुणीतरी टायपिंग क्लासची जाहिरात चिकटवलीय, त्या स्मारकापासून तुमचं घर शंभर मीटरच्या आत निघालं म्हणे. म्हणजे कालपर्यंत तुम्ही साधे घरमालक होतात, आज इतिहासाचे सख्खे शेजारी झालात. आता शेजारधर्म पाळणं आलं. तो आपण एकट्यानेच पाळायचा असतो, तेवढं लक्षात ठेवलं की झालं.

घाबरू नका. मी ह्यातनं गेलोय, म्हणजे मी कसला, आमची आत्या गेलीय, मी नुसता तिच्या फायली धरून उभा होतो. त्या अनुभवावर चार सल्ले देतो.

पहिला म्हणजे टेप आणून मोजायच्या भानगडीत पडू नका. आपल्याला वाटतं बुरुजापासून मोजायचं, देवळाच्या भिंतीपासून मोजायचं. तसं नसतं. संरक्षित क्षेत्राची हद्द जिथे संपते तिथून मोजायचं, आणि ती कुठे संपते ते नकाशावर असतं, आणि नकाशा पुरातत्त्व खात्याच्या साहेबांच्या कपाटात असतो, आणि साहेब साइटवर असतात. तर त्या हद्दीपासून शंभर मीटर प्रतिषिद्ध क्षेत्र, तिथे नवीन काहीही बांधायचं नाही, आणि त्याच्या पुढे अजून दोनशे मीटर विनियमित क्षेत्र, तिथे विचारून बांधायचं. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने हे माप ठरलं आणि २०१० मध्ये थेट प्राचीन स्मारकांच्या कायद्यातच शिवून टाकलं. किल्ला असो, लेणं असो, नाहीतर शेतात एकटाच उभा असलेला जुना कोस मिनार, म्हणजे रस्त्यावरचं अंतर दाखवणारा मनोरा असो, सगळ्यांना एकाच मापाचा सदरा. शिंप्याला बोल लावू नका हं, प्रत्येक स्मारकासाठी वेगळे उपविधी, म्हणजे पोटनियम करायचे हेही त्याच कायद्यात लिहून ठेवलंय, पण देशात केंद्राच्या संरक्षणाखालची स्मारकं साडेतीन हजारांच्या वर, तेव्हा तुमच्या स्मारकाचा नंबर लागेपर्यंत तुम्हीच पुरातन व्हाल. पुरातन व्हायला कायद्याने किमान शंभर वर्षं लागतात. शंभर ह्या आकड्याचं त्यांना काय वेड आहे देव जाणे.

दुसरं, आपलं जुनं घर जुनं आहे हे सिद्ध करायची तयारी ठेवा. हसताय काय? शंभर मीटरच्या आतलं घर १६ जून १९९२ च्या आधीपासून असेल तर त्याच्या दुरुस्तीची परवानगी मागता येते. आत्याचा वाडा दीडशे वर्षांचा सहज असेल, दिंडी दरवाजा, कडीपाटाचं छत, माजघरातल्या तुळईवर कुणा सुताराने कोरलेली कमळं आणि त्या कमळांवर तीन पिढ्यांच्या चुलीची काजळी. कारकुनाने अत्यंत शांतपणे विचारलं, हे घर ब्याण्णवच्या आधी होतं ह्याला पुरावा काय? आत्या म्हणाली, अरे मी लग्न होऊन ह्या घरात आले तेच मुळी सत्तर साली. तो म्हणाला, आजी, ते तोंडी झालं. मग चार दिवस ट्रंका उपसल्या, आणि कोठीच्या खोलीत एका पत्र्याच्या डब्यात १९८८ ची घरपट्टीची पावती सापडली, अर्धी कसरीने खाल्लेली, नशीब तारखेचा कोपरा तिला आवडला नव्हता. तेव्हा वाड्याचं काय व्हायचं ते होवो, पावत्या मात्र दोन पिशव्यांत गुंडाळून वर कापूर टाकून ठेवा.

आता जरा शब्दांचा अभ्यास. दुरुस्ती, पुनर्बांधणी आणि बांधकाम हे तीन वेगळे प्राणी आहेत. प्रतिषिद्ध क्षेत्रात फक्त दुरुस्तीला अर्ज करता येतो. पडलेलं घर होतं तेवढंच, त्याच लांबीरुंदीचं, त्याच उंचीचं परत उभं करायचं म्हटलं तरी ती पुनर्बांधणी, आणि तिचा अर्ज पुढच्या दोनशे मीटरमध्ये राहणाऱ्यांनी करायचा, तुम्ही नाही. म्हणून सल्ला असा की घराला अर्धवटच पडायला शिकवा. एक कोपरा खचला, दोन वासे गेले, हे ठीक आहे, ही दुरुस्ती. पण घर एका पावसात उत्साहाने अख्खंच बसलं की तुमच्याकडे उरतो तो मोकळा प्लॉट आणि समोरच्या स्मारकाचा अडथळाविरहित व्ह्यू. आणि एक गंमत सांगतो, ह्याच कायद्याच्या व्याख्येत गटारं आणि सार्वजनिक मुताऱ्या बांधणं हे 'बांधकाम' धरलेलं नाही. म्हणजे आत्याला न्हाणीघर वाढवता आलं नाही, पण त्याच जागी गावासाठी मुतारी काढते म्हणाली असती तर निदान व्याख्येच्या बाजूने तरी तिचं पारडं जड होतं.

एवढं सगळं नियमाने होणार नाही असं समजू नका, सगळं नियमानेच होतं. अर्ज आला की पंधरा दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याने तो दिल्लीच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, त्यांनी दोन महिन्यांत कळवायचं, मग महिनाभरात इकडून हो किंवा नाही. कागदावर बघा किती सुंदर दिसतं. फक्त हे दिवस अर्ज 'परिपूर्ण' झाल्यापासून मोजायचे अशी तिथली रीत आहे, आणि परिपूर्णतेबद्दल आपल्या संतांनी एवढं लिहून ठेवलंय की मी वेगळं काय सांगू. आत्याच्या अर्जात आधी फोटो कमी होते, मग फोटो होते पण त्यावर तारीख नव्हती, मग तारीख होती पण ती जुनी झाली होती.

तुम्ही मुंबईत राहत असाल तर तुमची मजा वेगळी. तिथे १९९५ पासून हेरिटेजची स्वतंत्र नियमावली आहे, बिल्डिंगांना शाळेतल्या मुलांसारख्या ग्रेड आहेत, एक, दोन ए, दोन बी, तीन. फरक इतकाच की इथे पहिल्या ग्रेडमध्ये आलेल्याला सगळ्यात जास्त मार बसतो. मालकाला वर मजले चढवता येत नाहीत, त्याबदल्यात टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा किंवा विकायचा हक्क मिळतो, म्हणजे मिळू शकतो, आणि खाली राहणारे भाडेकरू ज्या भाड्यावर राहतात त्याची मुळं १९४७ च्या कायद्यात आहेत, त्या भाड्यात आज गवंडी नुसता बघायला पण येत नाही. मग काय, मालकाला परवडत नाही, भाडेकरूला सोडवत नाही आणि पालिकेला पाडता येत नाही. ह्या त्रिकुटाचं तीर्थक्षेत्र बघायचं असेल तर काळा घोड्याला जाऊन वॉटसन हॉटेल बघा. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेलं लोखंड बोटीने आणून उभी केलेली इमारत, ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती देशात पहिल्यांदा दाखवल्या त्या इथेच, ग्रेड दोन ए. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला, त्याच सुमारास जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव आलं (परत शंभर!), आणि २०१९ मध्ये आतली माणसं बाहेर काढली, आयआयटीचा अहवाल तर पाडाच म्हणाला. इतकी वर्षं तिला सगळ्यांनी मिळून वाचवलं, आणि वाचवून वाचवून ही अवस्था.

म्हणूनच २०१२ मध्ये मुंबईच्या हेरिटेजची नवी यादी आली तेव्हा शिवाजी पार्कच्या लोकांनी आमचं नाव काढा म्हणून आरडाओरडा केला. तेव्हा पेपर वाचून मला वाटलं होतं, काय अरसिक माणसं आहेत. आता वाटतं, नाही, त्यांनी फक्त आत्याच्या आधी फॉर्म वाचला होता.

सगळ्यात वरचा क्लास म्हणजे युनेस्को. इथे पोचलात तर फेटा घालून फोटोला तयार राहा, कारण लोकसहभाग म्हणून तुमचा तोच एक उपयोग आहे. २०२५ च्या जुलैत आपले बारा किल्ले जागतिक वारसा झाले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, आम्हीपण पेढे वाटले, स्टेटस ठेवले, अभिमान आहेच. पण पन्हाळ्यावर गडाच्या आतच नगरपरिषद आहे, शाळा आहे, लोकं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, त्यांच्या पोटात आधी गोळा आला की आता आपल्याला उठवणार का. काहीही काय, असं कुणी उठवतं का! असं म्हणून मी विषय बदलणार होतो, पण मधे हंपी आठवली. १९८६ मध्ये हंपी यादीत गेली, १९९९ मध्ये दोन पुलांच्या कामामुळे 'धोक्यातला वारसा' झाली, त्यातला आनेगुंदीचा पूल वर्षानुवर्षं अर्धवट लटकत राहिला, गावकरी तेव्हाही टोपलीसारख्या गोल होडीतून नदी ओलांडत होते, आणि २००९ मध्ये पूल बांधता बांधताच कोसळला. मग २०११ मध्ये विरूपाक्ष मंदिरासमोरचा बाजार हटवला. विजयनगरच्या काळात तिथे बाजार भरायचा म्हणून ते दगडी मंडप जपायचे, आणि त्याच मंडपांत दुकान मांडून बसलेली माणसं मात्र अतिक्रमण. आता तिथे बाजारपेठ अगदी उत्तम जपलीय, फक्त बाजार नाहीये.

खरं सांगायचं तर हा कायदा नसता तर एव्हाना लेण्यांच्या तोंडात टू बीएचके विथ कव्हर्ड पार्किंग निघाले असते, हे मलाही कळतं, बिल्डर काही इतिहासाच्या प्रेमात पडून शंभर मीटर लांब थांबलेला नाही. माझी तक्रार मापाबद्दल नाही, त्या मापाच्या आत राहणाऱ्या माणसाबद्दल आहे. चुन्याचा गिलावा करणारा गवंडी शोधायचा कुठे, सागवानाचा भाव काय झालाय, तो खर्च कोण देणार, हे आत्याला एकाही फॉर्मने विचारलं नाही. राज्यघटनेच्या ४९ व्या कलमात स्मारकं जपणं ही सरकारची जबाबदारी आहे आणि ५१ क मध्ये वारसा जपणं हे नागरिकाचं कर्तव्य, आणि ह्या दोघांच्या मधे ती बादली आहे, जी आत्याच्या माजघरात जून ते सप्टेंबर गळतीखाली असते. आणि सरकारला स्वतःला हे शंभर मीटर आड आले तेव्हा काय झालं माहितीये? रस्ते आणि पुलांच्या सरकारी कामांना सूट द्यायचं विधेयक आणलं, २०१८ मध्ये लोकसभेत पासही झालं, राज्यसभेने समितीकडे धाडलं म्हणून अडलं. २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तसं ते बारगळलंही. म्हणजे त्यांचीपण फाइल अडकली, तेवढाच आपल्याला आधार.

नाव कोरायची हौस असेल तर कायद्यात पकडलं जाईल असं काही करू नका, थोडी वाट बघायची तयारी ठेवा. अजिंठ्याच्या दहा नंबरच्या लेण्यात २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख खरवडून ठेवली, आज गाइड ते टॉर्च मारून दाखवतात. आपल्या पिंट्याने बदामात बाण काढला तो गुन्हाच आहे, आणि असायलाच हवा. पण दोनशे वर्षांनी कुणी टॉर्च मारला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि अगदीच हताश झालात तर एक शेवटची आशा आहे, स्मारकच हरवण्याची. खोटं नाही, २०१३ मध्ये कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी १६५५ स्मारकं तपासली त्यात ९२ सापडलीच नाहीत. २०२४ मध्ये अठरा स्मारकं यादीतून काढायचं ठरलं, त्यात हरियाणातला एक कोस मिनार आहे, तेरा नंबरचा. आख्खा मिनार हो, घरपट्टीची पावती नव्हे! कुणी नेला, कधी नेला, त्याच्या शंभर मीटरमध्ये किती जणांनी इमाने इतबारे न्हाणीघर वाढवलं नसेल, विचार करा.

आत्याच्या परवानगीचं पत्र आलं बरं का. मागच्या बाजूच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीची दुरुस्ती, अटी अकरा, शिक्का गोल. आलं नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. भिंत आषाढातच पडली होती, रात्री साडेतीनला, आवाज सुद्धा फार नाही झाला, ओली पोळी पाटावर पडावी तसा. पाहणीला साहेब आले, चांगला माणूस होता, बूट बाहेर काढून आत आला, पत्र वाचलं, मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, आजी, परवानगी भिंतीच्या दुरुस्तीची आहे, भिंत कुठाय? आत्याने पदर खोचला, टोपलंभर माती उचलली आणि त्याच्यासमोर धरली. म्हणाली, ही काय.