नारिंगीच्या समोर निळा

स्वयंपाकघरातली फॉइल एका दुपारीत संपली की समजावं, घरात पोळ्यांखेरीज काहीतरी गुंडाळलं गेलंय. आमच्याकडे बायकोचे केस गुंडाळले गेले होते.

भाच्याचा साखरपुडा शुक्रवारी होता. पार्लरमध्ये हायलाइट्सचा भाव ऐकून ती घरी आली तेव्हाच मला तिचा निश्चय दिसला होता. रविवारी जेवणं आटोपल्यावर बाथरूमचं दार बंद झालं, ते चहाच्या वेळेला उघडलं. पाकिटावरच्या बाईचे केस सोनेरी होते. बाहेर आलेल्या बाईचे केस मुळाशी पिवळे, मध्ये नारिंगी आणि टोकाला होते तसेच काळे. शिवाय फॉइल घसरून ब्लीच जिथे ओघळलं, तिथे ठिपके. मी "वा!" म्हणायला तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी जांभई दिली.

खरं सांगायचं तर यात तिच्यापेक्षा काळ्या केसांचा दोष जास्त. काळा केस ब्लीचने एकदम सोनेरी होत नाही; आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा अशी स्टेशनं घेत जातो आणि ब्लीच जिथे थांबेल तिथे उतरतो. त्यात डोक्याच्या कातडीची ऊब लागून मुळाशी ब्लीच जास्त जोरात चढतं. म्हणजे एकाच बटेत निम्मे प्रवासी पुढे गेलेले आणि निम्मे मागे राहिलेले. पाकिटावर हे लिहिलेलं नसतं. तिथे ती बाई हसत असते.

मग सल्ले सुरू झाले. आई म्हणाली, "अगं, वरून मेंदी लाव, झाकलं जाईल." मेंदीचा स्वतःचाच रंग नारिंगी, म्हणजे आहे त्यावर आणखी एक हात. त्यातून बाजारातल्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांची पुढे ब्लीचशी गाठ पडली तर केस तापतात, तुटतातही. समोरच्या काकूंनी दह्याची वाटी पाठवली. दही बायकोने कढीला वापरलं आणि केसांसाठी ते अतिशय गुणकारी ठरल्याचं काकूंना कळवलं. लेकीचं मत पडलं, की चाळीस व्हॉल्यूमचा डेव्हलपर, म्हणजे ब्लीचच्या पुडीत कालवायचं द्रावण, आणून पुन्हा एकदा ब्लीच करावं. चाळीस व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. नारिंगी का होईना, डोक्यावर केस असावेत अशी माझी जुनी समजूत असल्यामुळे मी विरोध केला. "वाढू द्यावेत आणि कापावेत," असं मेहुणीने फोनवर सांगितलं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. हिशेबाने अडीच वर्षं लागली असती. साखरपुडा पुढे ढकलायला मुलीकडचे तयार झाले नसते.

सोमवारी जांभळा शाम्पू आला. त्याने मुळाशी असलेला पिवळेपणा खरोखर मऊ झाला, पण नारिंगी जागचा हलला नाही. टॉवेल जांभळा झाला, साबणाची वडी जांभळी झाली, माझी बनियनसुद्धा झाली.

आणि इथे माझी चित्रकला उपयोगी पडली. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या आहेत. घड्याळाच्या तबकडीसारखं रंगचक्र काढून बाईंनी विरोधी रंग घोकून घेतले होते: पिवळ्याच्या समोर जांभळा, नारिंगीच्या समोर निळा, तांबड्याच्या समोर हिरवा. समोरासमोरचे दोन रंग मिसळले की एकमेकांना मारतात. म्हणून जांभळा शाम्पू पिवळ्यावर चालला आणि नारिंगीपुढे हरला. मी हे सगळं पाटीवर चक्र काढून समजावलं.

"तुला सी ग्रेड होती," बायको म्हणाली.

सी ग्रेडवालाही पास असतो. तिने मागवलेला राखी छटेचा ब्राऊन रंग मी उघडू दिला नाही, तोही याच चक्राच्या आधारावर. राखीत निळा असतो. तो नारिंगीवर बसला असता, पण मुळाशी पिवळ्यावर पडून हिरवा झाला असता. भगवा आणि हिरवा एकाच डोक्यावर घेऊन मंगलकार्यात गेलं, की लोक पक्ष विचारतात.

शेवटी बुधवारी पार्लर. तिथल्या ताईंनी केस हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "मेंदी लावली नाही ना?" मग मागची एक बट घेऊन तिच्यावर आधी करून बघितलं. नंतर नारिंगी पट्ट्यांना निळसर टोनर (ब्लीच केलेल्या केसांची छटा बदलणारा हलका रंग), मुळांना वेगळा टोनर, मधूनमधून गडद ब्राऊनच्या बटा. बसल्या बसल्या सगळा केशसंभार भुऱ्या, शांत रंगावर आला. टोनर काही आठवड्यांत उतरतो, पुन्हा यावं लागेल, हे त्यांनी बिल हातात दिल्यावर सांगितलं. बिल हायलाइट्सच्या मूळ भावाच्या बरंच पुढे गेलं होतं. मी आकडा वाचला, पण जांभई आली नाही.

साखरपुड्यात केसांचं कौतुक मात्र दणकून झालं. थोरल्या वहिनींनी बायकोला कोपऱ्यात घेऊन पार्लरचं नाव विचारलं.

"पार्लर कसलं वहिनी, घरीच केलं," ती म्हणाली.

"अगंबाई! मग रविवारी माझेही करून देशील?"

तिने क्षणभरही न अडखळता माझ्याकडे बोट दाखवलं. "यालाच सांगा. रंगांचं सगळं हा बघतो. इंटरमिजिएट झालाय."