लॉरिन विल्यम्सची पदके कोणाची? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदक जिंकणारी पहिली अमेरिकन महिला म्हणून धावपटू लॉरिन विल्यम्स हिला मी थोर खेळाडू म्हटले, यावर आपले दोन आक्षेप आहेत. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या रिले संघात ती अंतिम फेरीत धावलीच नाही. आणि 2014 मध्ये सोची येथे हिवाळी ऑलिंपिकच्या बॉबस्लेमध्ये (बर्फाळ उतारावरून स्लेड, म्हणजे घसरगाडी, पळवण्याच्या शर्यतीत) मिळालेले रौप्य खरे म्हणजे स्लेड चालवणाऱ्या एलाना मायर्सचे, विल्यम्सने ती फक्त ढकलली. यांतील माहिती अचूक आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

बॉबस्लेच्या स्लेडला इंजिन नसते. महिलांच्या दुहेरी स्पर्धेतील सुमारे 170 किलो वजनाची रिकामी स्लेड थांबलेल्या स्थितीतून बर्फावर पळवत न्यायची आणि न अडखळता तिच्यात उडी मारायची, हे काम पहिल्या पन्नासएक मीटरमध्ये उरकावे लागते. पुढे उतार वेग वाढवत नेतो हे खरे. पण स्लेड चालवणारी उत्तम पायलट मिळालेला वेग वाया जाऊ देत नाही, सुरुवातीला गमावलेला वेळ भरून काढणे मात्र तिलाही अवघड जाते. म्हणूनच बॉबस्लेचे संघ धावपटूंच्या शोधात असतात. शंभर मीटरमध्ये 2004 चे ऑलिंपिक रौप्य आणि 2005 चे जागतिक विजेतेपद मिळवणारी विल्यम्स या खेळात आली, ती पहिल्या काही पावलांतच कमाल जोर लावण्याची वर्षानुवर्षे घोटवलेली सवय घेऊन. सोचीत पहिल्या दिवसाच्या दोन फेऱ्यांनंतर मायर्स आणि विल्यम्स 0.23 सेकंदांनी पुढे होत्या. चार फेऱ्यांच्या अखेरीस कॅनडाच्या केली हम्फ्रीज आणि हेदर मॉइस यांनी अवघ्या 0.10 सेकंदाने सुवर्ण नेले. इतक्या निसटत्या फरकाच्या स्पर्धेत ढकलणारीचा वाटा वेगळा काढून तो नगण्य ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

लंडनच्या सुवर्णाकडे तर मागचे सगळे ध्यानात ठेवूनच पाहायला हवे. 2004 मध्ये अथेन्सच्या अंतिम फेरीत मॅरियन जोन्सकडून बॅटन (रिलेत हातोहात द्यायची कांडी) घेताना विल्यम्सची अदलाबदल फसली आणि संघ बाद झाला. 2008 मध्ये बीजिंगला टोरी एडवर्ड्सकडून तिच्याकडे येणारी बॅटन खाली पडली. शर्यत हातची गेलेली असतानाही तिने मागे जाऊन बॅटन उचलली आणि अंतर पूर्ण केले. दोन्ही अपयशांत नाव गुंतलेल्या याच खेळाडूवर लंडनच्या प्राथमिक फेरीत शेवटचा टप्पा सोपवला गेला आणि तिने तो चोख धावून संघाला अंतिम फेरीत नेले, जिथे तिच्या सहकाऱ्यांनी 40.82 सेकंदांचा विश्वविक्रम केला. प्राथमिक फेरीतील धावपटूंनाही पदक मिळते, ते त्या फेरीवाचून अंतिम फेरी नसते म्हणूनच.

आपण एडी ईगनचे उदाहरण दिले आहे, ते योग्य आहे. 1920 मध्ये मुष्टियुद्धात आणि 1932 मध्ये चौघांच्या बॉबस्लेमध्ये सुवर्ण मिळवणाऱ्या ईगनशी विल्यम्सची बरोबरी होत नाही. दोन वेगळ्या खेळांत उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन्ही सुवर्णे मिळवणारा तो एकटाच आहे. मात्र दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदक जिंकणारी पहिली अमेरिकन महिला विल्यम्स आहे, आणि मूळ लेखातील माझे विधान तेवढ्यापुरतेच होते. ते मी कायम ठेवतो.