बागेतले डबेच काढून टाकायचे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बागेत ओल्या-सुक्याचे दोन डबे ठेवणं म्हणजे पैशाचा चुराडा, लोक कशातही काहीही टाकतात आणि शेवटी घंटागाडीत सगळं एकत्रच होतं. त्यापेक्षा जपानसारखे डबेच हटवावेत, ज्याचा कचरा त्याने घरी न्यावा.

आधी जपानचं बघू. १९९५ साली तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सुरक्षेसाठी तिथले बरेच सार्वजनिक डबे हटवले गेले. पण थंड पेयांच्या यंत्राशेजारी रिकाम्या बाटल्या टाकायला बहुतेक वेळा डबा असतोच. म्हणजे जिथे विक्री, तिथेच परतीची सोय. जपानकडून काही घ्यायचंच तर हे घ्यावं. आपल्या बागांमधला बराचसा कचरा दाराबाहेरच्या गाड्यांवरून आत येतो : भेळ, कणीस, शहाळं, चहाचा कप. डबे मात्र आत, कुठेतरी झाडामागे, तेही ओल्याचा एकीकडे आणि सुक्याचा दुसरीकडे. हातात भेळेचा कागद घेतलेला माणूस जो जवळ दिसेल त्यात टाकणार. यात मला त्याचा बेशिस्तपणा दिसत नाही. दोन्ही डबे शेजारी-शेजारी आणि दारापाशी हवेत. शहाळ्यांची जबाबदारी तर सरळ विकणाऱ्यावर हवी.

घंटागाडीत एकत्र होतं हे काही ठिकाणी खरं आहे, आणि तो महापालिकेचा दोष आहे. पण डबा आणि गाडी यांच्यामध्ये एक माणूस असतो, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच आलं नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांसाठी काम करते आहे. पाण्याची रिकामी बाटली त्यांच्यासाठी भंगाराचे पैसे असते. चिंचेच्या चटणीत भिजलेला, कांदा चिकटलेला कागद कोणी विकत घेत नाही. वर तो त्याच पिशवीतला कोरडा पुठ्ठाही नासवतो, आणि ते सगळं उपसायचं हाताने. नीट ठेवलेला दुसरा डबा त्या हातांसाठी आहे. तो काढायला माझा ठाम विरोध आहे.

आणि पाला! बागेत सगळ्यात जास्त निघतो तो पालापाचोळा, तो डब्यात जायलाच नको. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच साफ म्हटलं होतं की उद्यानांचा कचरा वेगळा गोळा करून शक्यतो उद्यानातच जिरवावा. जाळायलाही बंदी आहे, तरी हिवाळ्यात सकाळी धूर दिसतोच. नुसता सुका पाला रचून ठेवला तर कुजायला फार वेळ लागतो. त्यात कापलेलं हिरवं गवत मिसळलं, अधूनमधून पाणी मारलं की काम बरंच लवकर होतं आणि माळ्यांना बागेतच खत मिळतं. तरीही पाला उरला तर घ्यायला लोक आहेत. पुण्यात 'ब्राऊन लीफ' उपक्रमातून जास्तीचा पाला असणारे तो हवा असणाऱ्या बागप्रेमींना देतात.

तुम्ही रोज सकाळी बागेत चालायला जाता असं लिहिलंय. झाडलोट करणाऱ्या मावशींना एकदा विचाराल का, झाडलेला पाला कुठे जातो? बागेत पाला कुजवायचा खड्डा नसेल तर उद्यान विभागाला अर्ज देऊ. मजकूर मी लिहिते, सह्या तुमच्या चालणाऱ्या मंडळींच्या घ्या.