ओल्या स्पंजवर हर्मिट क्रॅब जगत नाही

दर उन्हाळ्यात इकडे न्यू जर्सीत हेच होतं, मुलं बीचवरून हट्टाने रंगवलेल्या शंखातला हर्मिट क्रॅब आणतात आणि मग तो मेसेज फिरतो: "टेन्शन नको, जाळीचा पिंजरा, वाटीत ओला स्पंज, दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा, बास. तसेही हे सहा-आठ महिनेच जगतात." यातलं काहीच बरोबर नाहीये.

जाळीचा पिंजरा आधी. हा खेकडा राहतो जमिनीवर पण श्वास कल्ल्यांनीच घेतो आणि कल्ले ओले असले तरच त्याला ऑक्सिजन मिळतो, म्हणून ७५ ते ८५ टक्के ह्युमिडिटी लागते. जाळीत ती टिकणार कशी? तो हळूहळू गुदमरतो, त्यामुळे आपल्या लक्षातही येत नाही. आमचा पहिला खेकडा आठवडाभर शंखातून अर्धा बाहेर लोंबत होता, मिशा हलत नव्हत्या, लेक म्हणायची झोपलाय. डिजिटल हायग्रोमीटर (ह्युमिडिटी मोजायचं यंत्र) आणला तर आकडा ३४! तो वाचला नाही, आणि मला अजून वाईट वाटतं.

स्पंजचं पाणी वाफ होऊन उघड्या पिंजऱ्यातून खोलीभर जातं, वर दोन-तीन दिवसांत वास येतो.

फवाऱ्याने आकडा थोडा वेळ चढतो, परत उतरतो, आणि सारखं मारत बसलात तर वाळूच्या तळाशी पाणी साचून ती सडते. हिवाळ्यात तर अजून कठीण, कारण २० डिग्रीची ५० टक्क्यांची हवा २७ पर्यंत तापवली की पाणी तेवढंच राहून ह्युमिडिटी ३३ च्या आसपास येते.

ओलावा वाळूतूनच यायला हवा. काचेचा टँक, वर काचेचंच झाकण, आत ५ भाग वाळू १ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निदान ६ इंच, मूठ दाबली की गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकी ओली. क्लोरीन काढलेल्या पाण्याची दोन भांडी, एक गोडं, एक मरीन अ‍ॅक्वेरियमसाठी मिळणाऱ्या समुद्री मिठाचं (जेवणातलं मीठ अजिबात नको). हीट पॅड मागच्या काचेला, तळाला नाही. हायग्रोमीटरही तपासा, बाटलीच्या झाकणात साधं मीठ, थोडंसंच पाणी घालून ओलं करायचं, झिपच्या पिशवीत झाकण आणि हायग्रोमीटर दोन्ही रात्रभर बंद ठेवायचं, सकाळी ७५ दिसायला हवं.

आणि सहा-आठ महिने? नीट सांभाळलेले ३० वर्षांहून जास्त जगलेत. कात टाकायला ते वाळूत आठवडेच्या आठवडे गाडून घेतात, तेव्हा मेला समजून उकरू नका. आमचा आत्ताचा पाच आठवडे खाली आहे, काचेच्या कडेने त्याचा बोगदा दिसतो, लेक रोज शाळेतून आली की आधी तिथे बघते.