घर घेतलं, पावती राहिली

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला इथल्या, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या एका मैत्रिणीचा फोन. आवाज अगदी बारीक. "अगं, पाच दिवसांत जागा खाली करा म्हणून कागद चिकटवून गेलेत दारावर."

कुठली जागा? तिने तर तीनच महिन्यांपूर्वी घर घेतलं होतं! गृहप्रवेशाला आम्ही दहाजणी गेलो होतो, पुरणपोळ्या झाल्या होत्या. घर मोबाइल होम पार्कमधलं. दोन बेडरूम, पुढे छोटासा ओटा, लिंबाचं झाड. या भागात साध्या घराला पंधरा-वीस लाख डॉलर मोजावे लागतात, तिथे हे तीन लाखांच्या आसपास मिळालं. दोघंही खूश. मीही म्हटलं होतं, बरं केलंत. आता ते आठवून जीभ चावते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोबाइल होम म्हणजे कारखान्यात बांधून ट्रकमागे ओढत आणलेलं घर. १९७६ साली केंद्र सरकारचे नियम आले, त्यांनुसार बांधलेल्या घराला कागदोपत्री 'मॅन्युफॅक्चर्ड होम' म्हणतात, बोलण्यात जुनंच नाव राहिलं. घर तुमच्या मालकीचं, ते ज्या जमिनीवर उभं आहे ती पार्कच्या मालकाची. तिचं दरमहा भाडं द्यायचं, त्याला 'स्पेस रेंट' म्हणतात. आमच्याकडे ते सहज हजार-दीड हजार डॉलरच्या घरात जातं.

आणि 'मोबाइल' या शब्दावर अजिबात जाऊ नका. मैत्रिणीच्या घराला खालून जी पत्र्याची झालर आहे, तिची एक पट्टी सरकवून आम्ही टॉर्चने आत पाहिलं होतं. लोखंडी जॅकवर टेकवलेला सांगाडा, गंजलेला आस, चाकं कधीच काढून नेलेली. कोळ्यांची जाळी. कारखान्यातून इथवर एकदाच प्रवास झाला, संपलं. उचलून न्यायचं म्हटलं तर हजारो डॉलर खर्च, आणि न्यायचं कुठे? जुनं घर दुसरा पार्क दारात उभं करत नाही.

तर झालं काय होतं? विकणारे आजोबा मुलाकडे दुसऱ्या राज्यात चालले होते. त्यांनी सांगितलं, पार्कचा मॅनेजर ओळखीचा आहे, जागेच्या कराराचं नंतर बघू. एजंट नको, एस्क्रो (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे आणि कागद सांभाळणारा तिसरा माणूस) नको, तेवढेच पैसे वाचतील. पैसे दिले, राज्याच्या खात्यात घराची नोंदणी नावावर झाली, किल्ली मिळाली. पहिल्या महिन्याच्या भाड्याचा चेक ऑफिसात दिला, तो परत आला. दुसऱ्या महिन्याचा पोस्टाने पाठवला. तोही परत आला, पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

ही पाकिटाची गोष्ट ऐकली आणि मला थेट गिरगाव आठवलं. आमच्या चाळीत मालकाला एखादा भाडेकरू नकोसा झाला की तो भाडं घ्यायचंच बंद करायचा. कारण पावती फाडली की नातं मान्य केल्यासारखं होतं. मग भाडेकरू दर महिन्याला मनीऑर्डर करायचा, ती परत यायची, आणि 'घेण्यास नकार' शेरा असलेले ते कागद लोक जिवापाड जपून ठेवायचे. उद्या कोर्टात लागतील म्हणून. मैत्रिणीला पहिलं वाक्य हेच बोलले, ते पाकीट फाडू नकोस, जपून ठेव.

कॅलिफोर्नियात या सगळ्यासाठी वेगळा कायदा आहे, १९७८ पासूनचा. मोबाइल होम रेसिडेन्सी लॉ. एरवी तो बराचसा राहणाऱ्यांच्या बाजूचा आहे. भाडं वाढवायचं तर ९० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. ठरावीक कारणांशिवाय काढता येत नाही, तेही ६० दिवसांची नोटीस देऊन. घर विकताना मालकाला नुसता 'ट्रान्स्फर फी' म्हणून पैसा मागता येत नाही. (आमच्या बाबांनी चाळीतली खोली विकली तेव्हा मालकाने एक तृतीयांश रक्कम मोजून घेतली होती, वर चहा पाजला होता.) पण हे सगळं संरक्षण पार्कशी करार झालेल्या माणसाला. खरेदीदाराने पार्कच्या जागेचा भाडेकरार सही केलेला नसेल तर त्याला तिथे राहण्याचा हक्कच नाही. जागा सोडा म्हणून मागणी झाली आणि पाच दिवसांत सोडली नाही, की तो बेकायदा राहणारा ठरतो. स्वतःच्या घरात!

म्हणजे तीन लाख देऊन तिने जे घेतलं ते भिंती आणि छप्पर. खरी किंमत होती त्या पत्त्यावर उभं राहण्याच्या परवानगीला, आणि ती विकणाऱ्या आजोबांच्या हातात नव्हतीच. पागडीत आपण हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. खोली कुणी बघत नाही, आधी विचारतात, पावती नावावर होणार का? इकडे आलो आणि ते शहाणपण विमानतळावरच सोडून आलो की काय कोण जाणे.

मालकांची बाजू अगदीच पोकळ आहे असं मात्र मला वाटत नाही. कॅलिफोर्नियातल्याच एस्कोंडिडो नावाच्या शहरात १९८८ साली मतदारांनी ठराव करून पार्कची भाडी १९८६ च्या पातळीवर नेऊन ठेवली. तिथल्या यी नावाच्या पार्कमालक दांपत्याने खटला भरला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यांचं म्हणणं असं की भाडं कमी ठेवलंत, तर त्याचा फायदा घर विकून जाणारा खिशात घालतो, कारण स्वस्त भाड्याच्या जागेवरचं घर महाग विकलं जातं. नवा येणारा ते पैसे मोजूनच येतो, त्याला काही स्वस्त पडत नाही. आणि आमच्या जमिनीवर कोण येणार हेही आम्ही ठरवू शकत नाही. १९९२ मध्ये न्यायालयाने एकमताने शहराच्या बाजूने निकाल दिला. जमीन सरकारने बळकावली असं म्हणता येणार नाही, तुम्ही ती स्वखुशीने भाड्याने दिलीत, असा त्याचा सूर. निकाल न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांचा. त्यातच म्हटलंय की शंभरातलं जेमतेम एक घर कधी हलवलं जातं.

यींचा हिशेब बरोबर आहे. मी टॅक्सची कामं करते, आकडे मला कळतात. भाडं महिन्याला शंभर डॉलरने वाढलं की वर्षाचे बाराशे, आणि घराची किंमत त्या प्रमाणात काही हजारांनी खाली. भाडं दाबलं की उलट. पण मग हाच हिशेब मालकालाही लागू होतो ना? घर हलू शकत नाही हे माहीत असताना वाढवलेलं प्रत्येक भाडं म्हणजे दुसऱ्याच्या घराच्या किमतीतून काढलेला तुकडा. ज्याला निघून जाता येत नाही त्याच्याशी 'बाजारभाव' बोलायचा नाही, इतकं साधं आहे माझ्या लेखी. सॅन होजेत म्हणूनच वाढीवर मर्यादा आहे, सर्वसाधारणपणे वर्षाला तीन ते सात टक्क्यांच्या आत. ती काढा म्हणणारे माझ्या मित्रयादीतही आहेत. खाली कमेंटमध्ये येतीलच.

शेजारच्या पालो आल्टोत बुएना व्हिस्टा पार्कच्या मालकांनी २०१२ मध्ये पार्क बंद करायचा अर्ज दिला. सुमारे चारशे माणसं, बहुतेक हातावर पोट असलेली. पुढे पाच वर्षं सुनावण्या, खटले. राहणारे शहरावर नाराज, मालकही शहरावर नाराज. शेवटी २०१७ मध्ये काउंटीच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने सुमारे चार कोटी डॉलर मोजून पार्कच विकत घेतला. दर वेळी असा खिसा कोण उघडणार?

मैत्रिणीचं सांगते. वकील केला. परत आलेले दोन्ही चेक, पाकीट, नोंदणीचा कागद घेऊन गेलो. वकीलबाईंनी आधी आजोबांबरोबरचे मेसेज वाचले आणि कपाळावर हात मारला. मग त्यांनी पार्कशी बोलून रीतसर अर्ज घ्यायला लावला, पगाराच्या स्लिपा जोडल्या, आधीच्या घरमालकाचं पत्र जोडलं. कायद्याने पार्क नकार देऊ शकतो तो मुख्यतः दोन कारणांनी. भाडं परवडणार नाही, किंवा आधीच्या ठिकाणची वागणूक बघता नियम पाळणार नाहीत. दोन्ही इथे लागू नाहीत. उत्तर द्यायला पंधरा कामकाजाचे दिवस असतात.

ते येत्या शुक्रवारी संपतात. तोवर तिने गॅरेजमधली खोकी उघडलेली नाहीत.